अक्षता पडलेला कीबोर्ड

शमा, तू गेलीस त्या दिवशी मी भोरला तुमच्या घरी आले, तुझ्या अम्मीशेजारी बसले आणि उठेपर्यंत एक शब्द बोलले नाही. आपल्या शाळेच्या वाडीवरच्या दोन-तीन बाया आल्या होत्या, त्या एकसारख्या माझ्याकडे बघत होत्या. चेलाडी फाट्याला वडापच्या जीपमध्ये बसल्यापासून वाडीचा चढ संपेपर्यंत जिचं तोंड कधी बंद झालं नाही, ती मोठी बाई आज मुकी कशी, असं वाटलं असणार त्यांना. अगं, मला बोलायचं होतं ते तुझ्याशी. आणि तू उत्तर देणार नव्हतीस. समोरच्यानं उत्तर दिलं नाही तर मला बोलताच येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

म्हणून आता लिहिते. आधी भांडण, मग बाकीचं.

पाटीपूजनाच्या दिवशी कॉम्प्युटरवर अक्षतांची पहिली मूठ तू टाकलीस. मी नाही. तू मात्र सगळ्या तालुक्याला "आमच्या मोठ्या बाईंनी टाकली" असं सांगत फिरलीस. शिक्षकांच्या बैठकीत सांगितलंस, लग्नाच्या पंगतीत सांगितलंस, एकदा तर एसटीच्या कंडक्टरला तिकीट काढता काढता सांगितलंस. माझी मूठ दुसरी होती. तुझी पडल्यावर हात आपोआप उठला, त्याला मी काय करू? आता तू नाहीस म्हणजे मी जिंकले असंही नाही. उलट तूच जिंकलीस, कारण माझी बाजू खोडून काढायला कुणी उरलं नाही, आणि न खोडलेल्या बाजूत काही मजा नसते.

तू आलीस तेव्हा माझी नोकरी उताराला लागली होती. राजगडाच्या पायथ्याला, रस्ता संपतो त्याच्याही वर आपली ती दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी, आणि आपण दोघीच. खरं सांगते, मी दिवस ढकलत होते. हजेरी घ्यायची, खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, पाढे म्हणून घ्यायचे, परतीची गाडी धरायची. आणि तू, भोरच्या बाजारपेठेत वाढलेली पोर, पहिल्या दिवशी धापा टाकत वर आलीस आणि म्हणालीस, "बाई, हितनं गड केवढा जवळ दिसतोय! पोरांना घेऊन जाऊ या का एकदा?"

"पोरं रोजच जातात तिकडं, शेरडं घेऊन," मी म्हटलं. "तू आधी पाणी पी."

पोरांनी आठवड्याच्या आत तुझं नाव ठेवलं, धाकट्या बाई.

मग तो कॉम्प्युटर आला. कुठल्याशा योजनेतून आला, आपण मागितलाही नव्हता. टेम्पो रस्त्याच्या टोकापर्यंत आला आणि तिथून पुढं वाडीतल्या पारूआजीच्या मुलानं तो जाडजूड डबा घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतला. सगळी वाडी मागं. मी सही करून तो ताब्यात घेतला. ती सही माझी होती, शमा, हे तू नेहमी सोयीस्करपणे विसरायचीस. पडला, जळला, फुटला तर जाब मला विचारणार होते, तुला नाही. म्हणून मी जुन्या साडीचं झाकण शिवून घातलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

तुझं मात्र एकच टुमणं. जेवणाचा डबा उघडताना, हजेरी मांडताना, उतार उतरताना.

"बाई, पोरांचा हात कधी लागायचा त्याला?"

"बघतात की खिडकीतून."

"खिडकीतनं विहीर बघून पोहायला येतं व्हय?"

"आणि मोडला म्हणजे?"

"मोडला तर दुरुस्त हुईल. पोरगं चौथी होऊन गेलं, तर ते परत येतंय का पहिलीत?"

मी म्हणायचे, "पुरे झालं तुझं," आणि विषय बदलायचे.

आणि तेवढ्यात निरोप आला. खाली रस्त्यावरच्या मोठ्या शाळेनं अर्ज केला होता. वाडीच्या शाळेत पोरं इनमीन, लाईट असून नसल्यासारखी, मशीन धूळ खात पडलंय, ते आम्हाला द्या, असं त्यात म्हटलं होतं. दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षण खात्याचे साहेब स्वतः येऊन बघणार होते. मुलांना त्यावर काही करता येत असेल तर कॉम्प्युटर वाडीत राहील, नाहीतर टेम्पो येऊन घेऊन जाईल. मला क्षणभर हायसंच वाटलं. न्या म्हटलं, माझ्या डोक्याचा ताप जाऊ दे. पण तुझ्याकडे बघितलं तर तुझा चेहरा एवढासा झालेला. आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढं आलं, तो डबा आला त्या दिवशी मागं चाललेली आपली पोरं, अनवाणी, नाचत. नंतर खिडकीच्या गजांना नाकं लावून उभी राहणारी तीच पोरं. त्यांच्या देखत तो परत खाली न्यायचा? मी म्हटलं, "बोल, काय करायचं?"

पोरांना हात लावू द्यायचा तर आधी आईबाप तयार नव्हते. शॉक बसंल, डोळं जातील, एक ना दोन. तेव्हा तू ती शक्कल काढलीस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असायचंच. पोरं पाटीवर एक-एकचे आकडे मांडून सरस्वती काढायची, झेंडू वाहायची. तू म्हणालीस, पाट्यांच्या मधोमध कॉम्प्युटर ठेवू. "बाई, ही माणसं नांगराला, कोयत्याला, पायलीला, सगळ्याला हळदकुंकू लावत्यात. ह्याला एकदा लावलं की हे बी त्यांचं झालं. मग कोण हात लावू नको म्हणतंय बघू."

तुझे रोजे चालू होते. उन्हातून चढून आलेली, पाण्याचा थेंब नाही पोटात, आणि रांगोळी काय काढत होतीस, दाराला तोरण काय बांधत होतीस. कुणीतरी विचारलं, "धाकट्या बाई, तुमाला चालतं का हे?" तू म्हणालीस, "मला चालतं. मशीनला चालतंय का तेवढं बगा." सगळी वाडी हसली. आपल्याला काय माहीत, तू खरं बोलत होतीस!

पारूआजी आली. तिची नात सोनाली आपल्याकडे तिसरीत होती, आणि वाडीत वयानं थोरली म्हणून मान तिचा. तिनं हळदकुंकू वाहिलं आणि गूळखोबरं ठेवायला जागा शोधली. देवाच्या पुढ्यात सपाट जागा कुठली, तर कीबोर्ड. ठेवलं तिथंच. मग तू ती मूठ टाकलीस. तूच. आणि मग काय, लग्न लागल्यासारख्या चारी बाजूंनी अक्षता. आजीनं तुझ्या हातावर प्रसाद ठेवला, तो तू रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवलास, संध्याकाळी रोजा सोडताना खायला. सगळे गेले, आपण साडीचं झाकण घातलं, कुलूप लावलं, दसऱ्याच्या सुट्टीला घरी गेलो.

सुट्टीनंतर दार उघडलं आणि मी डोक्याला हातच लावला. मुंग्या! भिंतीवरून रांग, टेबलाच्या पायावरून रांग, आणि सगळ्या रांगा त्या कीबोर्डात शिरलेल्या. तू घाईनं मशीन चालू केलंस. एक बटन दाबलं तर आत बसेना, दुसरं दाबलं तर वर येईना, तिसऱ्याची एकाच अक्षराची ओळ पडद्याच्या पार टोकापर्यंत चालली. तू कीबोर्ड उलटा करून थोपटलास, तर कुंकवाच्या तांदळाचा सडा पडला खाली. "बोंबला!" मी म्हटलं. "आता साहेब येणार आणि माझी चौकशी लावणार. आणखी कर पूजा!"

तू उठलीस. खिचडीचा एक चमचा आणलास, त्याचा दांडा बटनाखाली घातलास आणि टक्‌ करून ते उपटलंस. मी डोळे मिटून घेतले. टक्‌, टक्‌, टक्‌. डोळे उघडले तेव्हा सगळी बटनं साबणाच्या पाण्यात होती आणि तुझ्याभोवती सगळी शाळा उकिडवी बसली होती. हात लावू नको म्हणायचं कुणी कुणाला? धुऊन झाल्यावर बटनं सुपात घालून उन्हात ठेवली आणि आपण दोघी आत जाऊन कडाकडा भांडलो. पहिली मूठ कुणाची हा वाद तेव्हाचा.

बाहेर आलो तर सोनाली कीबोर्ड घेऊन उभी. सगळी बटनं बसवलेली. ए, बी, सी, डी, ओळीनं, झेडपर्यंत.

"बाई," ती म्हणाली, "आदी समदं चुकीचं बशिवलं हुतं. म्या नीट क्येलं."

मी ओरडणार होते. तू मात्र पायरीवर बसलीस आणि पोट धरून हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठलीस, तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "शाब्बास. आता ए दाबून दाखव." तिनं दाबलं. पडद्यावर उमटला क्यू. तिनं परत दाबलं. परत क्यू.

"मशीन खोटं बोलतंय," सोनाली म्हणाली.

"न्हाई गं. बटनावर काय लिवलंय ते मशीनला दिसतच न्हाई. त्याला फक्त जागा कळती. कुठली जागा दाबली, तेवढंच."

हे तू शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकून आली होतीस का तिथल्या तिथं सुचलं, मी कधी विचारलं नाही. मला मात्र त्या वेळी पहिल्यांदा कॉम्प्युटर म्हणजे काय ते कळलं. इतकी वर्षं शिकवणारी मी, तिसरीच्या पोरीबरोबर शिकले, आणि मला त्याची लाज नाही वाटली. मजा वाटली. माझ्या मनात आलं, उद्या जरा लवकरची गाडी धरावी.

आता खरी पंचाईत पुढं होती. मूळची जागा कुणाला आठवते? तुलाही धड आठवेना. दुसरा कीबोर्ड बघायला वेल्ह्याला जावं लागलं असतं. तू म्हणालीस, "मशीनलाच विचारू या." सगळी बटनं परत सुपात काढलीस, पोरांना रांगेत उभं केलंस. एकेकानं यायचं, एक जागा दाबायची, पडद्यावर काय उमटतं ते बघायचं, सुपातून तेच अक्षर शोधून आणून तिथं बसवायचं. पहिलीतली पोरं तर अक्षर ओळखतच नव्हती, ती पडद्यावरचं चित्र बघून सुपात तसलंच चित्र शोधायची. ज्याला सापडायचं तो नाचत यायचा. लाईट जायच्या आत झालं पाहिजे म्हणून मी पण पदर खोचून सुपाशी बसले. त्या दुपारी वाडीच्या एकूण एक पोराचा हात त्या मशीनला लागला, आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर ते वेडच लागलं त्यांना. बटनं काढायची, कालवायची, बसवायची.

साहेब आले त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. साहेबांनी बंद पडदा बघितला, घड्याळ बघितलं. "बाई, लाईट कधी येते?" "सांगता येत नाही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, त्या हलवण्यात सगळं आलं. टेम्पोच दिसला मला. पोरं भिंतीला टेकून उभी, सगळ्यांना ठाऊक होतं काय जाणार आहे ते.

तू पुढं झालीस. "साहेब, बसा तर खरं. आम्हाला लाईट लागत न्हाई."

चमचा आला, सूप आलं. पोरांनी पटापट बटनं उपटली तसे साहेब खुर्चीतून उठलेच. "अहो, अहो, हे काय!" तू हात जोडलेस, पण थांबवलं नाहीस. पोरं एकेक करून येत गेली आणि बसवत गेली, अंधाऱ्या खोलीत, न चुकता, कुणी कुणाला न विचारता. साहेबांनी गंमत म्हणून सुपातून एक बटन स्वतः उचललं आणि पहिलीतल्या एका पोराला विचारलं, "हे कुठं लावू रे?" त्यानं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि लावून टाकलं.

"आणि हे दाबलं की काय होतं?"

"वर लिवलंय त्ये न्हाई उमटत," तो म्हणाला. "जागंत हाय त्ये उमटतं."

साहेब परत खुर्चीत बसले. मग पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "राहू दे हितंच. मी कळवतो खाली." चांगला माणूस. जाताना हसून मलाच म्हणाले, "बाई, एवढं धाडस तुम्ही कसं केलंत?" आणि तू मागून म्हणालीस, "आमच्या मोठ्या बाईंचं काळीज मोठं हाय साहेब." खोटारडी!

परतताना तू उतारावरच्या बांधावर बसलीस आणि रडायला लागलीस. मी घाबरले. काय झालं विचारलं तर म्हणालीस, "काही न्हाई बाई, उपाशी हाय म्हणून." मी तुझ्या शेजारी बसून राहिले, गाडी चुकली तरी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पदराची किल्ली सोडली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली, पोरांच्या हाताला येईल अशी. तुला सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस.

आपल्याकडे आभार मानतात ते सभा संपताना, चहाच्या आधी. रोज एका गाडीनं येणाऱ्या-जाणाऱ्या बायका एकमेकींना असलं काही म्हणत नाहीत. तुझी बदली भोरला झाली तेव्हा म्हणायला हवं होतं, तर मी म्हटलं, "डबा वेळेवर खात जा." मी निवृत्त झाले तेव्हा तू आलीस, भाषणात परत अक्षतांचा विषय काढलास, आणि मी तुला सगळ्यांसमोर झापलं. म्हणून आता सांगते. शमा, मी तुझी ऋणी आहे गं. नोकरीची शेवटची वर्षं मी जगले, ती तुझ्यामुळं. नाहीतर तशीच घरी गेले असते, पदराला किल्ली बांधून.

पुण्याच्या दवाखान्यात तुला भेटले तेव्हा तुझा आवाज गेला होता जवळजवळ. मी संत्री सोलत बसले होते. तू कुणाकडून तरी ऐकलं होतंस की वाडीच्या शाळेला नवीन कॉम्प्युटर आलेत आणि महिने झाले, खोकी तशीच बंद आहेत. तू माझं मनगट धरलंस. "बाई, बघून या की. पोरांचा हात लागला का?" मी म्हटलं, "जाते गं, तू आधी बरी हो." तू हसलीस. आपल्या दोघींनाही माहीत होतं.

तर काल गेले. गुडघे धरलेत, चढ चढायला लई वेळ लागला. शाळेत एक तरुण गुरुजी आहेत, गुणी पोरगा, शाळा स्वच्छ ठेवलीय. खोकी कपाटावर होती, वर प्लास्टिक घातलेलं. मी म्हटलं, उघडा. तो म्हणाला, "बाई, वरून माणूस येऊन जोडून देईपर्यंत हात लावता येत नाही. आणि सही माझी आहे."

बसले खुर्चीत, दम घेतला. मग म्हटलं, "गुरुजी, माझी पण होती. आमचं मशीन मुंग्यांनी खाल्लं, पोरांनी उपटलं, शेवटी म्हातारं होऊन भंगारात गेलं. माझं कुणी काही वाकडं केलं नाही. पेन्शन वेळेवर येते." तो हसला. तरी हलेना. तेव्हा मी त्याला तुझं सगळं सांगितलं, रोज्यापासून सुपापर्यंत. शेवटी सांगताना मला रडू आलं, आणि मी डोळे पुसले नाहीत. तो उठला आणि कपाटावरून एक खोकं खाली काढलं.

वायरी जोडल्या. लाईट होती. पडदा उजळला. पोरं अर्धगोल करून उभी होती, सगळ्यांचे हात पाठीमागं बांधलेले. बांधायचेच, शिकवलंच तसं होतं त्यांना. पुढं एक पहिलीतली पोर होती, नाव मला माहीत नाही. तिनं आधी गुरुजींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आजी, मी लावू हात?"

मी तिचा हात धरला आणि कीबोर्डवर नेऊन ठेवला. तिनं पाची बोटं एकदम दाबली. पडद्यावर काहीबाही उमटलं आणि ती किंचाळली, तशी मागची सगळी पुढं धावली, गुरुजी "हळू, हळू" म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण.

लागला गं हात, शमा. सगळ्यांचा लागला.